आखूड नळीचं, मोठ्या गोळीचं

उपासना सुरवाडेला आपल्याजवळ एखादं हत्यार असावं असं पहिल्यांदा वाटलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात, गाडीच्या काचा वर करून बसलेली असताना.

ती परदेशात भूजलाचं काम करायची. राहायला अ‍ॅशबर्नला, पण काम डोंगरापलीकडे, शेनँडोआ नदीच्या खोऱ्यात. तिथल्या एका पाणी मंडळासाठी ती लोकांच्या बोअरमधली पाण्याची पातळी मोजत हिंडायची. नोकरी नव्हे, कंत्राट. त्यामुळे गाडी तिची, डबा तिचा, आणि सोबतीला माणूस हवा असेल तर तोही तिनेच शोधायचा. एरवी तिला हे एकटं हिंडणं आवडायचं. गायी, सफरचंदाच्या बागा, मैलामैलावर एखादं घर. कुणी कॉफी पाजायचं, कुणी कुत्रा बांधून ठेवायचं.

त्या दिवशी एका खडीच्या अरुंद रस्त्यावर समोरून राखाडी पिकअप ट्रक आला आणि तिच्या पुढ्यात आडवा थांबला. हाच ट्रक आदल्या आठवड्यात बराच वेळ तिच्या मागे होता, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने सगळ्या काचा वर केल्या. ट्रकमधून एक उंच, हाडकुळा म्हातारा उतरला. त्याच्या उजव्या हातात काहीतरी होतं. तो तिच्या खिडकीपाशी आला, बोटाच्या पेराने काचेवर टकटक केलं आणि मोठ्याने बोलू लागला. बंद काचेतून तिला दोनच गोष्टी कळल्या: एक 'पाणी' आणि दुसरी 'तुम्ही लोक'.

'तुम्ही लोक' हे शब्द तिने मराठीतही पुष्कळ ऐकले होते. त्यामुळे ते इंग्रजीत ऐकताना तिचे कान आपोआप टवकारायचे.

तिने काच खाली केली नाही. समोर बघत राहिली. म्हातारा थोडा वेळ बोलला, मग हात झटकून ट्रकमध्ये बसला आणि निघून गेला. झालं काहीच नाही. पण त्यानंतर तिला गाडी सुरू करायलाच बराच वेळ लागला, आणि पुढचे कितीतरी दिवस गाडी चालवताना तिची नजर आरशातच असायची.

तिच्या ओळखीचा शंतनू घराजवळच्याच एका डेटा सेंटरमध्ये कामाला होता आणि दर रविवारी नेमबाजीला जायचा. त्याला तिने फोन केला.

"सेमी-ऑटो पिस्तूल घे यार, डोळे मिटून," शंतनू म्हणाला. "पंधरा राउंड्स बसतात. रिव्हॉल्व्हर म्हणजे म्हाताऱ्या लोकांचं काम. पाच गोळ्या संपल्या की काय करशील, दगड मारशील?"

"पाचात नाही झालं तर पंधरात होईल?"

"तू प्रश्न फार विचारतेस," तो म्हणाला.

ते खरंच होतं. घाबरलेली असली तरी तिच्यातली शास्त्रज्ञ जागी होती. कुठलीही वस्तू घ्यायची तर ती तशी का आहे हे कळल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही.

अडचण दुसरीच होती. घरी आप्पा आले होते. तिचे वडील, दादाराव सुरवाडे, सहा महिन्यांसाठी भुसावळहून आले होते. रोज सकाळी आंघोळ झाली की बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणायचे. त्यातलं पहिलंच शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. त्यांना हे कसं सांगायचं, या विचारात तिने चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी आप्पा ओव्हनमध्ये वांगी भाजत होते. निखाऱ्याची चव येत नाही म्हणून त्यांची रोजचीच कुरकुर चालू होती, तेव्हा तिने सांगून टाकलं. ट्रक, म्हातारा, टकटक, सगळं.

आप्पांनी वांगं उलटं केलं. म्हणाले, "मग? कुठली घेतेस?"

"म्हणजे तुमची ना नाही?"

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस, ह्याचा राग आहे. बंदुकीचं तू ठरव. पण घ्यायला जाशील तेव्हा मला ने."

"तुम्हाला कशाला?"

आप्पा जरा ओशाळल्यासारखे हसले. "अगं, तीस वर्षं मी काडतुसाचं पितळ तपासलं. रोज हजारो नळकांड्या हाताखालून जायच्या. चीर आहे का, डाग आहे का, बूड वाकडं आहे का. पण ती बंदुकीत जाते कशी आणि उडते कशी, हे मी कधी पाहिलंच नाही. चाचणीचा आवाज भिंतीपलीकडून यायचा, तेवढंच. एकदा बघू दे की."

आप्पा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. कारखान्याच्या वसाहतीतच ती लहानाची मोठी झाली होती. तरीही आप्पांनी आयुष्यात बंदूक उडताना पाहिलेली नाही, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शनिवारी दोघं गेले. दुकान डोंगराच्या पायथ्याशी होतं, एका बाजूला ट्रॅक्टरचं शोरूम, दुसऱ्या बाजूला चर्च. आत शिरल्या शिरल्या एका तरुण विक्रेत्याने उपासनाकडे पाहिलं आणि काउंटरवर एक चिमुकलं गुलाबी पिस्तूल ठेवलं.

"लेडीजना हे फार आवडतं," तो म्हणाला.

"का?"

तो पिस्तुलाचा गुलाबी दस्ता पुसू लागला. तेवढ्यात आतून एक बाई आली. साठीची, आखूड पांढरे केस, मनगटं एखाद्या सुताराची असावीत तशी जाड. तिने ते गुलाबी पिस्तूल उचलून परत कपाटात ठेवलं. तिचं नाव मार्लीन. आधी ती मोठ्या जनावरांची डॉक्टर होती. गायी-घोड्यांसाठी वेळी-अवेळी एकटी शेतांवर जायची. गुडघे गेल्यावर ते सोडून ती इथे नेमबाजी शिकवू लागली होती.

"आधी सांग, ते असेल कुठे?" मार्लीनने विचारलं. "पर्समध्ये, उशाखाली, गाडीत, कमरेला?"

"गाडीत आणि कमरेला. मी दिवसभर बसते, वाकते, परत बसते."

"आणि कोणाची भीती वाटते? लांबच्याची की जवळच्याची?"

उपासनाने विचार केला. "काचेपर्यंत आलेल्याची."

मार्लीनने मान हलवली आणि रिव्हॉल्व्हरच्या कपाटाकडे वळली. आप्पा पुढे सरकले तशी तिने त्यांना विचारलं, "तुम्ही इथे राहता की पाहुणे आहात?"

"पाहुणे. व्हिजिटर व्हिसावर आहेत," उपासनाने सांगितलं.

"मग माफ करा. तुम्ही बघा, विचारा, पण हात लावू शकत नाही. कायदा आहे. बंदुकीला नाही, गोळीलाही नाही."

उपासनाने हे मराठीत सांगितलं. आप्पांनी मुकाट्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत गुंफले. बंदुका समोर असेपर्यंत ते हात तिथेच होते.

"त्यांना काडतुसं माहीत आहेत," उपासना म्हणाली. "तीस वर्षं बनवलीत त्यांनी."

मार्लीन थांबली. तिने आप्पांकडे नीट पाहिलं. "खरंच? मग मी ह्यांना काय शिकवणार?"

उपासनाने ते सांगितल्यावर आप्पा घाईघाईने म्हणाले, "तिला सांग, मला यातलं काहीएक ठाऊक नाही. मी फक्त रिकामं नळकांडं बघितलंय. सगळं पहिल्यापासून सांग म्हणावं."

मग मार्लीनने पहिल्यापासून सांगितलं. एक रिकामं रिव्हॉल्व्हर उघडून तिने गोल चक्रातली पाच भोकं दाखवली. चाप ओढला की चक्र एक घर फिरतं आणि घोडा मागे जाऊन पुढे आपटतो. बस, एवढंच यंत्र. पिस्तुलाचा वरचा भाग मागेपुढे सरकावा लागतो. मनगट सैल पडलं किंवा कोटात अडकलं तर ते जाम होऊ शकतं. रिव्हॉल्व्हरला सरकायला काही नसतंच. गाडीच्या सीटवर, पट्टा बांधलेला असताना, लांब नळी बाहेर काढता काढता स्टीअरिंगला अडते. आखूड नळी चटकन सुटते.

"पण मग आखूड नळीत तोटा काय?" उपासनाने विचारलं.

"तोटा भरपूर. नेम धरायला अवघड. दारू नळीत पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडते, म्हणून वेग कमी आणि तोंडाशी जाळ जास्त."

"वेग कमी होणार असेल तर गोळीच मोठी आणि जड घ्यायची. जी वेगावर अवलंबून नाही अशी."

मार्लीन हसली. "तुला हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पाण्याच्या दाबाचं गणित करताना असाच विचार करावा लागतो."

आत नेमबाजीच्या खोल्या होत्या. आप्पांना कानांवर जाड कर्णबंद घालून काचेमागे उभं केलं. उपासनाच्या पुढ्यात मार्लीनने तीन रिव्हॉल्व्हर ठेवली.

पहिलं अगदी हलकं होतं, खिशात घातलं तर कळणारही नाही असं. ते उपासनाला बघताक्षणी आवडलं होतं. तिने चाप ओढला आणि तळहातावर कोणीतरी छडी मारल्यासारखं झालं. पाचवी गोळी होईपर्यंत अंगठ्याचं मूळ लाल झालं. वस्तू जितकी हलकी तितका सगळा झटका हाताला, हे तिला मारातूनच कळलं. दुसरं त्याहून जड, पण गोळी भलतीच जोरकस होती. नळीच्या तोंडातून केशरी जाळ निघाला आणि डोळ्यांपुढे थोडा वेळ नुसता काळा ठिपका राहिला. तिने दोनच गोळ्या झाडून ते खाली ठेवलं.

तिसरं पोलादी, बसकं, नळी अडीच इंचांची. तोंड मात्र एवढं रुंद की करंगळी आत जावी असं वाटत होतं. गोळीचं माप फोर्टी-फोर, म्हणजे तिन्हींत मोठं, पण मार्लीनने त्यात जुन्या पद्धतीची, बेताच्या जोराची गोळी घातली होती. ते रुंद तोंड पाहूनच उपासनाने दात घट्ट आवळले आणि चाप ओढला. चाप लांबलचक आणि जड होता. ओढता ओढता विचार बदलायला वेळ मिळावा इतका. मग दणका बसला. पण तो छडीसारखा नव्हता. गर्दीत कोणी खांद्याने ढकलावं तसा तो होता, संथ आणि भरीव.

तिने रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि मार्लीनकडे वळली. "हे सगळ्यात मोठं आहे ना? मग सगळ्यात कमी का लागलं?"

"सांग तूच."

"वजन. आणि जोर एकदम येत नाही, पसरून येतो."

"बरोबर. आता पुन्हा मार. ह्या वेळी डोळे उघडे ठेवून."

उरलेल्या चार गोळ्यांतल्या तीन जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात लागल्या. काचेमागे आप्पा टाचा उंचावून बघत होते. ती बाहेर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "पितळ कुठे पडलं? बाहेर उडालंच नाही."

"चक्रातच राहतं. आपण हाताने काढायचं."

"गरम असेल?"

"हो, चांगलंच."

आप्पांचे पाठीमागचे हात किंचित हलले. "आम्ही ते थंडच पाहिलं नेहमी," ते म्हणाले.

उपासनाला वाटलं, झालं काम, निवड झाली. ती पर्स उघडू लागली तेव्हा मार्लीन म्हणाली, "थांब. हे फक्त हाताचं झालं." तिने एका रिकाम्या खोलीत खुर्ची ठेवली, उपासनाला तिच्यावर बसवलं आणि निळ्या प्लॅस्टिकचं एक नकली रिव्हॉल्व्हर तिच्या कमरेला लावलं. "ही तुझी गाडी. आता तो माणूस येईल. जेव्हा काढावंसं वाटेल तेव्हा काढ. तुझे वडील चालतील का माणूस म्हणून? प्लॅस्टिक आहे, कायद्याचं काही नाही."

आप्पांना हे समजावून सांगितल्यावर ते खुश झाले. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले, वळले आणि चेहरा कडक करून तिच्याकडे चालू लागले.

तिसऱ्या पावलालाच उपासनाच्या हातात रिव्हॉल्व्हर होतं आणि ते सरळ आप्पांच्या छातीवर रोखलेलं होतं.

आप्पा जागच्या जागी थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचा खोटा कडकपणा गळून पडला आणि हात आपोआप वर आले. उपासनाने हात खाली घेतला.

"प्लॅस्टिकचं आहे हे ठाऊक होतं गं," आप्पा हळूच म्हणाले. "तरी हात वर गेलेच."

"सॉरी आप्पा."

"सॉरी नको. मला सांग, मी अजून काही केलंही नव्हतं. तू काय बघून काढलंस?"

तिने ते इंग्रजीत सांगितल्यावर मार्लीन म्हणाली, "हाच माझा प्रश्न आहे. काय बघितलंस? त्याच्या हातात काय होतं?"

"काहीतरी होतं."

"काहीतरी म्हणजे? काळं, पांढरं? लांब, गोल? पकडलं कसं होतं?"

उपासनाने डोळे मिटले. गेले कितीतरी दिवस तो प्रसंग तिच्या मनात फिरत होता, पण प्रत्येक वेळी चेहरा आणि टकटक, एवढंच. हात तिने पुन्हा कधी आठवून पाहिलाच नव्हता. "पांढरट," ती म्हणाली. "खाली लोंबत होतं. मूठ होती त्याला. बोटं मुठीत अडकवली होती त्याने."

मार्लीन बाहेर गेली आणि दुधाचा रिकामा, पांढरट प्लॅस्टिकचा, मुठीचा गॅलनचा डबा घेऊन आली. "असं?"

आप्पांनी तो डबा बोटांत अडकवला आणि पुन्हा चालत आले. ह्या वेळी त्यांनी चेहरा कडक केला नाही, साधेच आले. खुर्चीपाशी येऊन हवेतच टकटक केलं, आणि मग आपल्या मनानेच डबा वर उचलून तिला दाखवला.

उपासना बघतच राहिली. "तळाशी तांबूस होतं," ती म्हणाली. "त्याने असाच वर उचलला होता. काचेला लावला होता. तळाशी गाळ होता."

"म्हणजे पाणी दाखवत होता?" आप्पांनी विचारलं.

"असेल," मार्लीन म्हणाली. "किंवा नसेल. मला एकदा एका शेतकऱ्याने आजारी गाय दाखवायला म्हणून गोठ्यात नेलं होतं. गाय नव्हतीच. त्या दिवशी माझ्या कोटात असंच एक रिव्हॉल्व्हर होतं, आणि मी ते नुसतं बाहेर काढलं, म्हणून आज इथे उभी आहे. तेव्हा मी तुला घेऊ नकोस म्हणणार नाही. पण आधी हातांकडे बघ. चेहरा कोणताही असू शकतो."

उपासनाने तेच पोलादी फोर्टी-फोर घेतलं. पुढचे सहा-सात शनिवार मार्लीनकडे जाऊन सराव केला, कपड्यांखाली हत्यार बाळगण्याचा परवाना कोर्टातून आला, गाडीच्या सीटखाली कुलपाची लहान पेटी बसवून घेतली. आप्पा प्रत्येक शनिवारी बरोबर असायचे. त्यांना आणि मार्लीनला एकमेकांची भाषा येत नव्हती, पण ती एखादी जुनी गोळी बोटांत धरून त्यांच्यासमोर फिरवायची आणि ते लांबूनच मान हलवून 'चांगली' किंवा 'बाद' असा अंगठा दाखवायचे.

पण डब्याची गोष्ट काही उपासनाच्या मनातून जाईना. ते खरंच पाणी होतं का? आणि होतं तर गाळ कुठून आला? त्या भागातल्या बोअर चुनखडकात होत्या. पाणी स्वच्छ यायला हवं. शेवटी एका बागवानाकडे पातळी मोजताना तिने राखाडी ट्रकबद्दल विचारलं. "वॉल्टर," तो म्हणाला. "पुढच्या वळणाला. तोंडाचा फटकळ आहे."

एप्रिलच्या शेवटी ती वॉल्टरकडे गेली. आप्पा हट्टाने बरोबर आले. रिव्हॉल्व्हर तिच्या कमरेला उजवीकडे, जॅकेटखाली होतं. फाटकातून आत जाताना ती पायरीवर उभ्या असलेल्या वॉल्टरच्या हातांकडे बघत होती. हात रिकामे होते. ट्रकच्या मागच्या काचेत मात्र एक लांब रायफल टांगलेली होती, आणि तीही तिने पाहिली.

"आता आलीस," वॉल्टर पायरीवरूनच ओरडला. "मंडळाला फोन करून करून थकलो. तुला रस्त्यात गाठलं तर तू पुतळ्यासारखी बसलीस! काच का नाही खाली केलीस?"

"घाबरले होते."

"मला?" म्हाताऱ्याला नवल वाटलं. आणि त्या नवलात थोडीशी खुशी होती, जी उपासनाला मुळीच आवडली नाही.

"तुम्ही रस्ता अडवला होता. आधी माझ्या मागे मागे आला होतात. आणि 'तुम्ही लोक' म्हणालात. कोण लोक?"

"मंडळाचे लोक. दुसरं कोण?" एवढं बोलून तो थांबला. तिच्याकडे पाहिलं, गाडीपाशी उभ्या असलेल्या आप्पांकडे पाहिलं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो बुटाने पायरी खरवडू लागला. तिने त्याला सोडवलं नाही.

मग त्याची नजर तिच्या कमरेकडे गेली. अशा गोष्टी ओळखण्यात तो तरबेज असावा. "काय आहे ते?"

"फोर्टी-फोर."

"आखूड?"

"अडीच इंच."

"मोठी गोळी आहे." तो एक पायरी खाली उतरला. "माझ्यासाठी घेतलीस?"

नाही म्हणणं सोपं होतं. अस्वलं असतात, कुत्री असतात, काहीही सांगता आलं असतं.

"हो," ती म्हणाली.

वॉल्टरने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "बोअरच्या झाकणाचे बोल्ट गंजलेत," तो म्हणाला. "पाना आणतो."

झाकण उघडायला दोघांना जोर लावावा लागला. वाकल्यावर रिव्हॉल्व्हर तिच्या बरगडीत टोचायला लागलं. थोडा वेळ तिने सहन केलं. मग तिने शेडकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, वॉल्टरच्या तेलकट हातांकडे पाहिलं, आणि गाडीकडे जाऊन ते पेटीत ठेवून कुलूप लावून आली. आता धोका नाही अशी तिची खात्री झाली होती असं नाही. पण त्या घटकेला पाणी किती खाली आहे हे कळणं तिला जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

तिने रिळावरची टेप आत सोडली. टोकाची सळई पाण्याला टेकली की रिळातून बारीक शिट्टी वाजते. टेप उलगडत गेली. शेजारच्या बागेत जिथे पाणी लागलं होतं ती खोली केव्हाच मागे पडली तरी शिट्टी नाही. वॉल्टर गुडघ्यांवर हात टेकून ऐकत होता. आप्पाही जवळ येऊन वाकले. तिघांची डोकी त्या लोखंडी पाइपावर एकत्र आली होती आणि कोणी श्वासही मोठ्याने घेत नव्हतं.

शिट्टी वाजली ती फार खालून, अगदी पंपाच्या तोंडाशी.

"म्हणून गाळ येतोय," उपासना म्हणाली. "पंप तळ खरवडतोय. तो बंद ठेवा, नाहीतर जळेल. पाणी एवढं खाली का गेलं ते बघावं लागेल. आजूबाजूच्या सगळ्या बोअर मोजाव्या लागतील."

"माझ्या उताराला अजून तीन घरं आहेत," वॉल्टर म्हणाला. "मी आधी फोन करून सांगतो, म्हणजे कोणी कुत्रा सोडणार नाही." आणि थोडं थांबून, दुसरीकडे बघत, "मी रस्ता अडवायला नको होता."

त्या उन्हाळ्यात मंडळाने त्या उतारावरच्या नव्या बोअरची परवानगी थांबवली आणि वॉल्टरचा पंप दुरुस्त झाला तरी त्याची कुरकुर थांबली नाही. उपासना रिव्हॉल्व्हर बाळगत राहिली. ते तिने कधी विकलं नाही, आणि आजवर कोणावर काढलंही नाही. शंतनूला मात्र तिने फोर्टी-फोर चालवून बघायला लावलं, आणि पाच गोळ्या झाडून त्याने स्वतःच आणखी पाच मागून घेतल्या.

पण हे पुढचं. त्या दिवशी वॉल्टरच्या फाटकातून बाहेर पडल्यावर आप्पा काही वेळ खिडकीतून गायी बघत राहिले. मग म्हणाले, "त्याला तू 'हो' म्हणालीस ते मला कळलं. तेवढं इंग्रजी येतं मला."

"रागावलात?"

"नाही गं. मी वाट बघत होतो तो काय करतो ह्याची." ते जरा सरसावून बसले. "बरं, ते पुढचं घर कुठलं? तिथे टेप मी सोडणार. त्याला तरी हात लावता येतो ना मला?"

"येतो की," उपासना म्हणाली आणि तिने गाडी उताराच्या रस्त्याला वळवली.